शुद्ध प्रतीतला रक्तदाब

तीर्थस्वरूप ताईच्या सेवेशी, धाकट्या भावाचा (घरातल्या बहुमताप्रमाणे अजून जाणत्या वयात न आलेल्या गृहस्थाचा) नमस्कार पोचावा. नमस्कार साष्टांगच घालायचा होता, परंतु सध्या एकदम वाकायला आणि एकदम उठायला मला मनाई आहे. सबब जेवढी अंगं खुर्चीत बसल्या बसल्या उपलब्ध झाली तेवढी कामाला लावली आहेत, उरलेली तू मोठ्या मनाने धरून चाल. तुझी तब्येत, भाऊजींचे दोन्ही गुडघे आणि तुझ्या शिवणवर्गातल्या मुली, सगळे आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा करतो.

आता प्रथम एक गंभीर तक्रार. तू दर वर्षी मला दोन शर्ट शिवून पाठवतेस. त्यांचं कापड निर्दोष, कॉलर निर्दोष, काजं तर अशी की आमच्या छापखान्यातल्या एकाही अक्षराची कड इतकी स्वच्छ निघत नाही. पण बाह्या, ताई, बाह्या! मनगटापासून कोपरापर्यंत त्या इतक्या चपखल असतात की कोपराच्या वर काही केल्या सरकत नाहीत. गेल्या दोन महिन्यांत मला निरनिराळ्या इमारतींत, निरनिराळ्या अनोळखी लोकांसमोर, त्रेपन्न वेळा दंड उघडा करावा लागला. त्रेपन्नही वेळा बाही अडली आणि अख्खा शर्ट उतरवावा लागला. माझ्या बनियनांची अवस्था आजवर कुटुंबाची खाजगी बाब होती. आता ती तीन दवाखान्यांच्या कर्मचारीवर्गाला ठाऊक आहे. तुझ्या भावजयीने लाजेखातर सहा नवे बनियन आणले आणि हा खर्च तुझ्या शिवणकामावर मांडला आहे.

दंड इतक्यांदा का उघडा करावा लागला, त्याची थोडी कल्पना तुला फोनवरून मिळाली आहे. परंतु फोनवर मी मूळ मुद्द्याच्या जवळपास पोचलो की तुझ्याकडे कोणाचं तरी माप घ्यायचं निघतं. म्हणून हे पत्र. पत्र मधेच ठेवता येत नाही (येतं, पण ते पुन्हा उचलावं लागतं). सारांश आधी सांगतो: येत्या बुधवारी माझ्या उजव्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीत एक फुगा घालून तो फुगवणार आहेत. हे वाक्य मी तीनदा तपासलं, त्यात चूक नाही.

दीड वर्षापूर्वी छापखान्यात भर दुपारी डोकं ठणकायला लागलं. मी ते काम नीट चालल्याचं लक्षण समजलो. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती पत्रकं मी तीस वर्षं तपासतो आहे. मुंगीने शाई तुडवून केल्यासारखी ती अक्षरं. डोकं न दुखतं तर मुद्रितशोधकाने डोळे मिटून काम केलं असा संशय यावा. पण ठणका आठवडाभर राहिला तेव्हा तुझ्या भावजयीने मला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पट्टा आवळला, भुवया वर केल्या, पुन्हा आवळला. वरचा आकडा एकशे नव्वद. भला माणूस. म्हणाले, काही लोकांचा रक्तदाब डॉक्टरला बघूनच चढतो, तेव्हा एक यंत्र विकत घ्या, घरी सकाळ-संध्याकाळ मोजा आणि वहीत लिहून आणा. एक गोळीही दिली. त्या गोळीचं पत्रक मीच तपासलेलं असल्यामुळे ते दुष्परिणाम सांगू लागले तेव्हा चौथ्यापासून पुढचे मी सांगितले. त्यांना ते आवडलं असं वाटलं नाही.

घरी कामाची वाटणी झाली. यंत्र चालवायचं आणि आकडा टिपायचा तुझ्या भावजयीने. ती तो टिपायची दुधाच्या, इस्त्रीच्या आणि वाण्याच्या याद्या असलेल्या जुन्या वहीत, हाताला लागेल त्या पेन्सिलीने, कधी आडवा तर कधी चक्क इस्त्रीच्या चार चादरींच्या खाली. असली वही डॉक्टरांपुढे ठेवणं माझ्या धंद्याला शोभणारं नव्हतं. म्हणून दर रविवारी मी तिची शुद्ध प्रत करू लागलो. कोरी वही, आखलेले रकाने, तारीख काळ्या शाईत, आकडे निळ्या शाईत. (तुला हे हास्यास्पद वाटत असेल. पण काजाच्या एका टाक्यासाठी तू अख्खी पट्टी उसवतेस, तेव्हा मी कधी हसलो नव्हतो. निदान तुझ्यासमोर.)

पहिल्याच आठवड्यात मंगळवारच्या ओळीत २१२ असा आकडा आला. आता आमच्या धंद्याची एक रीत आहे. आजूबाजूच्या आकड्यांशी न जुळणारा आकडा दिसला की आधी तो चुकला असं धरायचं आणि मग मूळ प्रतीशी ताडून पाहायचं. प्रस्तुत प्रकरणी मूळ प्रत म्हणजे मी स्वतः. स्वतःशी स्वतःला ताडून कसं पाहावं याचं शास्त्र मला अवगत नव्हतं. तेव्हा मी सारासार विचार करून १२२ लिहिलं. पुढच्या आठवड्यात असे दोन आकडे आले, दोन्ही दुरुस्त केले. महिन्याभरात आजूबाजूचे बहुतेक आकडे मीच दुरुस्त केलेले असल्यामुळे नवा येणारा मोठा आकडा त्यांच्याशी मुळीच जुळेना, आणि तर्कशास्त्राप्रमाणे तो चुकीचाच ठरू लागला. तर्कात कुठे खोट दाखव. मी अजून शोधतो आहे.

डॉक्टर वहीवर बेहद्द खूश झाले. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांना ती दाखवत, हे गृहस्थ बघा, याला म्हणतात शिस्त. दवाखान्यात मोजला की माझा दाब दोनशेच्या घरात, आणि घरच्या वहीत मात्र एकशे चोवीस, एकशे सव्वीस. साहजिकच त्यांनी निदान केलं की मी त्यांना घाबरतो. बिचाऱ्यांनी मग माझी भीती घालवायचा ध्यास घेतला. आधी अंगातला पांढरा कोट काढला. मग मला चहा पाजला. मग हवापाण्याच्या गप्पा मारून झाल्यावर, माझं लक्ष नाही असं पाहून, हळूच पट्टा बांधला. शेवटी शेवटी ते माझ्याकडे पाठ करून बसत आणि कंपाउंडर मोजत असे. दाब चढतच राहिला. एका माणसाने मला न घाबरवण्यासाठी इतके कष्ट आजवर कधी घेतले नव्हते. ही दीड वर्षांची हकिगत आहे.

दोन महिन्यांपूर्वी छापखान्यात एका ओळीच्या दोन ओळी दिसायला लागल्या. मी दोन्ही तपासल्या, दोहोंत चूक तीच होती. मग कागद, टेबल आणि मशीनवाला हे तिघेही एकेकाचे दोन-दोन झाले, आणि त्या दोन मशीनवाल्यांनी मिळून मला घरी पोचवलं. संध्याकाळी डॉक्टरांकडे जाताना तुझी भावजय त्या पहिल्या दिवसानंतर प्रथमच सोबत आली आणि पिशवीत आपली वही घेऊन आली, कारण त्या दिवशीचा आकडा अजून शुद्ध प्रतीत चढला नव्हता.

पुढचा प्रसंग मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. आमच्याकडे मुद्रितं तपासताना एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचतो आणि दुसरा छापलेल्यावर खुणा करतो. तीस वर्षं मी या खुर्चीत नाहीतर त्या खुर्चीत बसलो. त्या दिवशी दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या आणि मी मजकूर होतो. ती इस्त्रीच्या चादरी ओलांडत वाचत होती, दोनशे आठ. डॉक्टर माझ्या सुंदर रकान्यांवर बोट ठेवून म्हणत, इथे एकशे अठ्ठावीस. दोनशे सोळा. एकशे सव्वीस. तांबडं पेन घेऊन ते खुणा करत गेले. दोन पानं झाल्यावर तुझी भावजय एवढंच म्हणाली, "हे घरात सगळ्याचंच असं करतात, डॉक्टर." डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग दीड वर्ष मी औषध देत कोणाला होतो?"

  घराचं कुलूप उघडताना तुझी भावजय म्हणाली, "माझं अक्षर लागत नाही, असं तरी सांगायचं होतंत." त्यानंतर दोन दिवस घरात मीठच नव्हे तर बोलणंही बेतानेच वाढलं जात होतं.

मग खरी औषधं सुरू झाली. एका गोळीच्या चार झाल्या. एकीने कोरडा खोकला आला, दुसरीने पावलं सुजली, तिसरी घेतली की सोफ्यावरून स्वयंपाकघरात जायला वाटेत एक मुक्काम करावा लागे. (सर्व लक्षणं पत्रकात दिलेल्या क्रमाने झाली. मुद्रणदोष नव्हता एवढं समाधान.) पण दाब हलेना. तेव्हा डॉक्टरांनी एके दिवशी मला आडवं केलं आणि नळी छातीवर न लावता बेंबीच्या उजव्या अंगाला लावली. बराच वेळ ऐकत राहिले. भुकेखेरीज कशाचाच आवाज जिथून येऊ नये, तिथून शीळ येत होती. लयबद्ध, हृदयाच्या ठोक्याला धरून. इतक्या वर्षांत मला एक सूर लावता आला नाही आणि पोटात हा कार्यक्रम चालू होता.

चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात गेलो. तिसरा मजला, लांबलचक व्हरांडा, एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवर बायकाच बायका. हा आजार विरळा, आणि होतो तोही दहांतल्या नऊ वेळा बायकांना. म्हणजे मला दुर्मिळातही अल्पसंख्य व्हायचं सुचलं. नर्स आली, आमच्या दोघांकडे पाहिलं, क्षणाचाही विचार न करता तुझ्या भावजयीला आत नेलं, मनगटात कागदी पट्टी अडकवली आणि दाब मोजला. एकशे दहा, सत्तर. बाहेर येऊन मला म्हणाली, उगाच घाबरवलंत बाईंना, अगदी उत्तम आहे सगळं. ही म्हणते, त्या वेळी मी खुर्चीवरून उठून पिशवी उचलली होती आणि निघायच्या बेतात होतो. हे धादांत खोटं आहे. पिशवी उचलली नव्हती.

तिथल्या धमन्यांच्या डॉक्टरीणबाई तुझ्या शिवणवर्गातल्या मुलीएवढ्या दिसतात आणि मुख्याध्यापिकेसारख्या बोलतात. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. उजव्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी सरळ नळीसारखी असायची, ती मण्यांच्या माळेसारखी झाली आहे: एक फुगवटा, एक चिमटा, पुन्हा फुगवटा. जपाची माळ मी उभ्या जन्मात हाती धरली नाही. कंटाळून ती बहुधा आत जाऊन बसली. आता दाब का वाढतो, ते ऐक. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचा नळ बारीक येतो, कारण त्याच्या एकट्याच्या पाइपात चोंदलं आहे. त्याला वाटतं, अख्ख्या इमारतीलाच पाणी नाही. तो खाली जाऊन पंपवाल्याशी भांडतो. पंपवाला भिडस्त, तो पंप वाढवतो. तळमजल्यावरच्यांच्या तोट्या उडायची वेळ येते आणि तिसऱ्या मजल्यावर धार तेवढीच. तो भाडेकरू म्हणजे माझं उजवं मूत्रपिंड. त्याची बाजू खोटी नाही, फक्त त्याला पूर्ण मजकूर दिसत नाही. या भांडणात ते स्वतःही वाळतं आहे, डाव्यापेक्षा बोटभर लहान झालं आहे. दीड वर्षापूर्वी चित्र काढलं असतं तर एवढं झालं नसतं, असं बाई म्हणाल्या. का काढलं नाही, हे त्यांनी विचारलं नाही. चिठ्ठीत लिहिलेलं असावं.

आजाराचं इंग्रजी नाव मला रुचेना. दोन दिवस बसून मी धमनीभित्तिगततंतुस्नायुदुर्विकसन असा समास तयार केला आणि पुढच्या भेटीत बाईंना सादर केला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला (हे त्यांच्या आईवडिलांचे संस्कार) आणि म्हणाल्या, आम्ही तीन अक्षरांत भागवतो. तुझी भावजय म्हणाली, आधी बरे व्हा, मग भाषांतर करा. माझ्या आयुष्यातल्या सर्व पूर्वपक्षांना तिच्याकडे असाच एक ओळीचा उत्तरपक्ष असतो.

नंतर बाईंनी घराण्याची माहिती विचारली. वडील वयोमानाने गेले, आई डोक्यातली शीर फुटून. आपल्याकडे सगळे 'उन्हातून आली आणि गेली' असंच म्हणत आले, पण मी शीर असंच सांगितलं. भावंडं किती, म्हणाल्या. एक मोठी बहीण. वय? तेही सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. रेघा का, असं मी विचारलं. त्यांनी दिलेलं उत्तर मी योग्य जागी लिहीन, आधी फुग्याचं संपवतो.

तर जांघेतून एक बारीक तार आत सोडतात, ती धमनीधमनीतून वर चढवत त्या माळेपर्यंत नेतात आणि तिथे इवलासा फुगा फुगवून चिमटे सैल करतात. मग फुगा मिटवून बाहेर. चिरफाड नाही, मी जागाच असणार. (मी विचारलं, मला पडद्यावर बघता येईल का. बाई म्हणाल्या, बघा, पण खुणा करायच्या नाहीत.) नशीब असेल तर दाब खाली येतो आणि एखाद्-दुसऱ्या गोळीवर भागतं. नशीब मध्यम असेल तर निम्मा खाली येतो. काहींचं पुन्हा चोंदतं, पुन्हा फुगा. तसं न केलं तर भाडेकरू जातो आणि पंप जळतो. संमतिपत्र दिलं, त्यात तीन ठिकाणी चुका होत्या. त्या मी समासात दाखवून परत केल्या. बाईंनी तेच पान पुन्हा माझ्यापुढे सरकवलं. म्हणाल्या, "काका, हे तपासायला नाही दिलं, सही करायला दिलंय." केली.

असो. वाचून तुझा दाब वाढला असेल तर क्षमस्व. भाऊजींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद. तुझी भावजय पायाला हात लावते असं लिहा म्हणाली, आणि लगेच म्हणाली, तेवढं एक वाक्य जसंच्या तसं लिहा. लिहिलं आहे.

तुझा धाकटा

ता.क. – वरचं एक विधान मागे घेतो. आकडे धंद्याच्या सवयीने दुरुस्त झाले असं मी डॉक्टरांना सांगितलं, हिला सांगितलं, आता तुलाही लिहिलं. पहिला आकडा सवयीने दुरुस्त केला. दुसऱ्यापासून पुढचे सगळे भीतीने. मला ते आकडे नीट लागत होते. हिचं अक्षर चांगलं आहे.

ता.क. दुसरा – बुधवारी इकडे येऊ नकोस. तू डबे भरायला घेतले असशील, ते रिकामे कर. त्याऐवजी मंगळवारच्या आत डॉक्टरांकडे जा. बाईंनी रेघा मारल्या त्या यासाठी की हा आजार काही घराण्यांत चालतो आणि बहिणींना आधी गाठतो. दाब मोजा, आणि मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी करा, असं त्यांनी तुझ्यासाठी चिठ्ठीवर लिहून दिलं आहे. ती चिठ्ठी सोबत ठेवली आहे. तू मागच्या पत्रात गंमत म्हणून लिहिलं होतंस ना, की उशीवर डोकं टेकलं की उजव्या कानात शिवणयंत्र चालू राहतं, आता झोपेतही कामाची सुटका नाही. मी तो कागद बाईंना वाचून दाखवला. त्या हसल्या नाहीत. 'वय झालं', 'मला काही होत नाही', 'वर्ग बंद कसा ठेवू' ही तुझी तिन्ही उत्तरं मला पाठ आहेत. ती या वेळी भाऊजींनाही देऊ नकोस. त्यांना मी हे पत्र टाकण्यापूर्वी फोन केला आहे.

ता.क. तिसरा – हे तुला कधी सांगितलेलं नाही. आई जाण्याच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाली होती, कानात काहीतरी सारखं सू-सू वाजतं रे, ठोके पडल्यासारखं. मी वाचत बसलो होतो. हं म्हणालो आणि पान उलटलं. ते मी कोणालाही बोललो नाही, तुलाही नाही. ती तेव्हा चौपन्न वर्षांची होती. पुढच्या महिन्यात तुला चौपन्न लागेल. बुधवारचं मला फारसं काही वाटत नाही, ताई. मला भीती याची वाटते.